क्रौर्याचा कर्ता

मराठी समीक्षेत एक वाक्य गेली चाळीसेक वर्षे सुखेनैव नांदते आहे. दलित स्वकथनाचे परीक्षण असो, भटक्या-विमुक्तांच्या लेखनावरचा प्रबंध असो, की ग्रामीण कादंबरीविषयी चर्चासत्रात वाचलेला निबंध असो, शेवटच्या परिच्छेदात ते हटकून भेटते. ‘अमानुष छळातही न विझणाऱ्या मानवी आत्म्याचे हे दर्शन आहे’ असा त्याचा साधारण आकार. शब्द थोडे इकडेतिकडे होतात. ‘आत्म्या’च्या जागी ‘जिजीविषा’ येते, ‘दर्शना’च्या जागी ‘महाकाव्य’ येते, एखादा उत्साही परीक्षक दोन्ही वापरतो. हे वाक्य मीही लिहिले आहे. माझ्या प्रबंधाच्या उपसंहारात ते सुखरूप आहे आणि मौखिक परीक्षेत त्याविषयी मला कोणीही काही विचारले नाही. विचारायला हवे होते.

हे वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. माणसे छळातून उठून उभी राहतात, हे खरेच आहे. माझा आक्षेप या वाक्याकडून आपण जे काम करून घेतो त्याला आहे. क्रौर्याचे वर्णन असलेली दोनशे पाने वाचून झाल्यावर समीक्षकाला त्या क्रौर्याविषयी काही बोलावे लागू नये, याची सोय ते लावून देते. ज्याने सोसले त्याच्या आत्म्याची उंची मोजली, की ज्याने सोसायला लावले त्याच्याकडे वळून पाहण्याचे कारण उरत नाही. आपल्या समीक्षेच्या परिभाषेत सोसणाऱ्यासाठी वेदना, व्यथा, दाह, सोशिकता, जिद्द, विद्रोह, अस्मिता अशी भरघोस संज्ञाव्यवस्था आहे. सोसायला लावणाऱ्यासाठी ‘व्यवस्था’ हा एकच शब्द आहे. आणि व्यवस्थेला हात नसतात.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’पासून सुरुवात करतो. हे लेखन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूप झाले. त्यात खोड्याचे वर्णन आहे. सासरच्या जाचाला कंटाळून माहेरी पळालेल्या सुनेला परत आणले, की तिच्या पायात खोडा अडकवीत. लेखिका या खोड्याची घडण सांगते. जड ओंडका सुताराकडे जातो, तो त्याला पाय जाईल एवढे भोक पाडतो, पाय निसटू नये म्हणून लोखंडी कांब आडवी घातली जाते. मग त्या ओंडक्यासकट पोरीने घरातली सारी कामे करायची. पुढे नाक कापण्याचे प्रकार येतात. हे सारे लेखिका आवाज न चढवता सांगते.

या पानांवर आपण काय लिहिले? ‘दुहेरी शोषण’ असे लिहिले. जातीने आणि पुरुषसत्तेने दलित स्त्रीचे केलेले शोषण, ही संज्ञा बरोबरच आहे. पण खोडा काही संज्ञेने घडवला नाही. तो सुताराने घडवला. त्याने पायाचे माप घेतले असेल किंवा अंदाजाने भोक पाडले असेल, मोबदल्यात काही घेतले असेल. ओंडका नेताना कोणीतरी त्याला कशासाठी हवा ते सांगितले असेल, किंवा सांगण्याची गरजच पडली नसेल. क्रौर्य ही कारागिरी आहे, तिला अवजार, माप, मजुरी आणि शेजारपाजारची संमती लागते, हे बेबीताईंना दिसले. आपल्याला ते पानावर छापलेले असूनही दिसले नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या याचे कारणही देतात. सासवा अशा का वागत, याचे त्यांचे स्पष्टीकरण थोडक्यात असे: बाहेरच्यांनी आम्हांला गुलामीत जखडले, पण आम्हीही माणसेच होतो, आम्हांलाही कोणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटे, ती गाजवायला कोण मिळणार, म्हणून आम्ही आमच्या सुनांना गुलाम केले. या स्पष्टीकरणात ‘माणूस’ हा शब्द कोणत्या जागी आला आहे ते पाहावे. आपल्या समीक्षेत ‘माणूस’ ही पदवी आहे. छळातून तावून सुलाखून निघालेल्याला ती शेवटच्या परिच्छेदात बहाल केली जाते. बेबीताईंच्या लेखी ती क्रौर्याची कारणमीमांसा आहे. माणूस होते म्हणून क्रूर झाल्या. गेल्या अर्धशतकातल्या मराठी गद्यात मानवी स्वभावाविषयी इतके धाडसी विधान क्वचितच झाले असेल, आणि आपण त्याची नोंद ‘लेखिकेचा प्रांजळपणा’ या सदराखाली केली.

या पुस्तकाचे माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये आले. त्याचे नाव ‘द प्रिझन्स वी ब्रोक’. भाषांतराच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. पण ‘जिणं आमचं’ या दोन शब्दांत तुरुंग नाही, तो फोडल्याची द्वाही तर नाहीच. जगलो ते हे असे, एवढेच त्यात आहे. आपल्या शेवटच्या परिच्छेदातले वाक्य थेट मुखपृष्ठावर जाऊन बसले. त्याच आवृत्तीला जोडलेल्या मुलाखतीत लेखिका नवऱ्याने केलेल्या मारहाणीविषयी बोलते. मूळ पुस्तकात तिने ते येऊ दिले नव्हते. आपले लिखाण तिने वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. आता हा तुरुंग फोडला की नाही, याचे उत्तर ज्याला देता येईल त्याने द्यावे.

आपला शब्दसंग्रहच या बाबतीत आपल्याला साथ देत नाही. क्रौर्याचा निषेध करण्यासाठी मराठीत जे शब्द सहज ओठांवर येतात ते असे: अमानुष, पाशवी, राक्षसी, निर्दय, निर्घृण. पहिले तीन करणाऱ्याला माणसांतून उठवतात आणि पशूंत किंवा राक्षसांत नेऊन बसवतात. उरलेले दोन कशाचा तरी अभाव सांगतात. दया नाही, किंवा घृणा म्हणजे मूळ संस्कृत अर्थाने करुणाच नाही. क्रौर्यात काही असते, त्यात कल्पकता, चिकाटी, कधी कधी विनोदबुद्धीही असते, हे सांगणारा शब्द या यादीत नाही. वाघ खोडा घडवत नाही. उलट बाजूला सोसणाऱ्यासाठी माउली, धरित्री, हुतात्मा असे शब्द आहेत, तेही माणसाच्या वरचे. एकाला खाली ढकलायचे, दुसऱ्याला वर चढवायचे आणि मधली जागा, जिथे तुम्हीआम्ही राहतो, ती झाडूनपुसून स्वच्छ ठेवायची. खुद्द ‘क्रूर’ या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. प्राचीन संस्कृतात तो रक्ताळलेले, कच्चे या अर्थाने येतो आणि नाम म्हणून जखम या अर्थानेही. जखमेचे नाव पुढे जखम करणाऱ्याला लागले. भाषेने कष्टाने केलेला हा प्रवास आपल्या समीक्षेने उलट फिरवला. तिला पुन्हा जखमच दिसते.

‘आत्मा’ या शब्दाविषयीही थोडे बोलायला हवे. या लेखनाला ‘आत्मकथन’ म्हणावे की ‘स्वकथन’, यावर आपण पुष्कळ शाई खर्च केली. पण ज्या लेखकांच्या पुस्तकांना ‘मानवी आत्म्याची अजिंक्यता’ आपण चिकटवतो, त्यांतल्या अनेकांनी १९५६ नंतर बुद्धाचा धम्म स्वीकारला होता आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी आत्म्यावरील विश्वासाची गणना ‘अधम्मा’त केली आहे, याची आठवण आपल्याला होत नाही. ज्याने आत्मा नाकारला त्याच्या पदरात तो पुरस्कार म्हणून घालायचा, हा शिष्टाचार मला कळत नाही.

ही सवय आजची नाही, हे मान्य केले पाहिजे. चोखोबांच्या मृत्यूची कथा घ्या. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली कामावरची माणसे गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. आख्यायिका सांगते, की नामदेव तेथे गेले, हाडे कानाशी धरून पाहू लागले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला आणून महाद्वारी समाधी दिली. कथा सुंदर आहे. मी ती वर्गात सांगतो तेव्हा वर्ग स्तब्ध होतो. पण त्या स्तब्धतेत एक प्रश्न नेहमी बुडतो: भिंत बांधायला त्यांना कोणी लावले होते? आणि ज्यांच्या हाडांतून नाम आले नाही, त्या बाकीच्या हाडांचे काय झाले? आमच्या समीक्षेची पहिली बैठक त्या ढिगाऱ्याशेजारी भरली असावी. हाडे गातात का, एवढेच ती तेव्हापासून ऐकत आली आहे. आणि समाधी दारात आहे, दाराच्या आत नाही. त्या दारातून आत जायला चोखोबांच्या जातभाईंना १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

क्रौंचवधाची कथाही आपण अशीच वाचली. शोकाचा श्लोक झाला, हे आनंदवर्धनापासून आपण शिकलो आणि करुणरसाची गंगोत्री म्हणून तो प्रसंग शिकवत आलो. पण त्या श्लोकाची वाक्यरचना पाहिली तर तो शोक करीत नाही. तो शाप देतो. मारणाऱ्याला संबोधून, द्वितीय पुरुषात, तू हे केलेस असे सांगून देतो. मेलेल्या पक्ष्याच्या आत्म्याच्या अजिंक्यतेविषयी त्यात अवाक्षर नाही. आदिकवीचा पहिला उद्गार कर्त्याकडे बोट दाखवतो, आणि त्याच्यावर उभे राहिलेले काव्यशास्त्र कर्त्याला करुणरसाचा एक विभाव करून बाजूला ठेवते. रौद्ररसात करणाऱ्याला जागा आहे खरी, परंतु तिथला स्थायिभाव क्रोध आहे. ज्याला मुळीच राग आलेला नाही, जो शांतपणे भोक पाडतो, त्याच्यासाठी आठांत किंवा नवांत रस नाही.

इथे एक आक्षेप येणार आहे, आणि तो हलका नाही. माझ्या एका दलित सहकाऱ्याने या लेखाचा पहिला खर्डा वाचून तो सरळच घेतला. वाल्मीकीने बोट दाखवले खरे, पण कोणाकडे? निषादाकडे, जो पोटासाठी शिकार करतो आणि ज्याची जात खालची आहे, त्याच्याकडे. शिकारीच्या नादात श्रावणाला मारणाऱ्या दशरथाच्या वाट्याला मात्र पश्चात्तापाची हृद्य कथा येते. तुम्ही कर्त्याचा शोध घ्या म्हणता, पण तुमच्या लेखातला पहिला कर्ता कोण निघाला? महारवाड्यातली सासू. सवर्ण वाचकाला हे आवडेल. त्यांच्यातही चालतेच की, असे म्हणून तो पुस्तक मिटेल.

मी स्वतः सवर्ण घरातून आलो आहे आणि हे पुस्तक पहिल्यांदा वाचताना ती सुटका मलाही मिळाली होती. म्हणून उत्तर माझ्या पदरचे देत नाही, पुस्तकातलेच देतो. बेबीताईंच्या कारणमीमांसेत क्रम आहे. बाहेरच्यांनी जखडले, हे आधी येते. आम्हीही माणसे होतो, हे नंतर. वाड्यावरून आलेली सत्ता हातोहात खाली येते आणि शेवटी सर्वांत लहान पोरीच्या घोट्यावर थांबते. त्या साखळीतला एकही हात लेखिका झाकत नाही, स्वतःच्या माणसांचाही नाही. शेवटचा हात झाकावा ही मागणी मला समजते, पण तो झाकला की साखळीच दिसेनाशी होते आणि वाडा आपोआप सुटतो. ‘आत्म्याचे दर्शन’ घडवणारी समीक्षा सौजन्याने नेमके हेच करते. सासूला वाचवण्याच्या निमित्ताने ती पाटलाला वाचवते.

मग वरच्या कर्त्याविषयी मराठीत लिहिलेच गेले नाही काय? गेले आहे, आणि त्याचे आपण काय केले तेही पाहण्यासारखे आहे. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात झाला. त्यातला ब्राह्मणांचा मानवी पडदा हा क्रौर्याचा सामूहिक कर्ता आहे. तो नाचतो, कीर्तन करतो, पाठ फिरवतो, लपवतो, उघडे पाडतो आणि शेवटी आपणच निर्माण केलेल्या घाशीरामाला दगडांनी ठेचायला उभा राहतो. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या आणि ब्राह्मणांच्या बदनामीवरून. म्हणजे एका बाजूने ‘आम्ही असे नव्हतो’ एवढेच म्हटले. दुसऱ्या बाजूने, जी आमची समीक्षकांची बाजू, लोकनाट्याच्या तंत्राच्या नव्या वापराचे कौतुक केले. पडदा किती सुंदर हलतो, यावर आपण लिहिले. तो पाठ का फिरवतो, यावर त्या मानाने फारच कमी. १९६५ मध्ये आलेल्या भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त नाक्यावरची पोरे येणाऱ्याजाणाऱ्या मुलींची जी टवाळी करतात ती वाचताना आपल्याला हसू येते आणि मग त्या हसण्याची लाज वाटते. क्रौर्याची चव वाचकाच्याच जिभेवर ठेवणारे ते पुस्तक आहे. त्यावर चर्चा झाली अश्लीलतेची.

खैरलांजीचा उल्लेख टाळता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण हा जातीय अत्याचार असल्याचे मान्य केले नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही ते केले नाही. न्यायालय पुराव्याने बांधलेले असते. हात मोजणे हे त्याचे काम. ते हात उठताना त्यांना आपण काहीतरी योग्य करतो आहोत असे का वाटले असेल, हा प्रश्न साहित्याचा आहे. तो प्रश्न विचारण्याऐवजी आपणही ‘माणुसकीला काळिमा’ असे लिहून मोकळे झालो. माणुसकी म्हणजे जणू एखादे परीटघडीचे धोतर.

मी नवी मुंबईत शिकवतो. माझ्या वर्गात उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या आगरी-कोळी घरांतली मुले असतात. त्यांच्या गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मृत्यू पावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्यातून आली. दर जानेवारीत त्या पाचांना अभिवादन होते आणि भाषणांतले वाक्य ठरलेले असते: त्यांनी हौतात्म्य पत्करले. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने आत्म्याची आहुती दिली तो. या वाक्यात पत्करणारे आहेत, देणारे आहेत, अग्नी आहे, आहुती आहे. बंदूक नाही. मुंबईत २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी जे झाले त्याचेही आपण असेच ‘हुतात्मा चौका’त रूपांतर केले. कृतज्ञता खरीच आहे, तिच्यावर माझा रोख नाही. पण मेलेल्याला आहुती म्हटले, की मारणारा यज्ञाचा ऋत्विज होतो.

या विषयावर वर्गात बोलत असताना एका विद्यार्थ्याने सांगितले, की त्याच्या आजीला हा शब्द पसंत नाही. गावातले कोणी हुतात्मा म्हणाले की ती म्हणते, “तो काय मेला नाय, त्याला मारला.” मला त्या म्हातारीचे व्याकरण फार आवडले. मराठीच्या जुन्या कर्मणी-भावे रचनेत कर्त्याला तृतीयेचा ‘ने’ लागतो, पण तो वाक्यात राहतो. नाही आला तरी त्याची जागा रिकामी दिसते आणि ‘कोणी?’ हा प्रश्न आपसूक उठतो. ‘मारला गेला’ हा प्रयोग, ज्याला आपले वैयाकरण ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, इंग्रजीच्या सावलीत आला. त्यात कर्ता ‘कडून’ लावून शेपटाला बांधता येतो आणि तितक्याच सहजतेने कापून टाकता येतो. आपली समीक्षा या नवीन कर्मणीतच लिहिली जाते. अत्याचार केले गेले, माणूसपण नाकारले गेले, भोग वाट्याला आले.

आणखी एक गोष्ट. ‘आत्म्याचा विजय’ ज्यांच्याविषयी लिहिला जातो ते सारे वाचलेले आणि लिहिते झालेले लोक असतात. नाक कापलेल्या त्या सुनेने आत्मकथन लिहिले नाही. ऑशविट्झमधून परतलेल्या प्रिमो लेव्हीने आपल्या अखेरच्या पुस्तकात, १९८६ मध्ये, कठोरपणे बजावले होते की जे वाचले ते चांगले होते म्हणून वाचले नाहीत. चांगले होते ते बहुतेक मेले. आत्म्याच्या बळाने माणूस तरतो, असे म्हणताना जे बुडाले त्यांच्यात ते बळ कमी पडले, असे आपण नकळत म्हणून जातो. कोणत्याही जिवंत माणसासमोर हे म्हणण्याची आपली छाती होणार नाही. छापील पानावर ते खपून जाते.

गेल्या वर्षी मी ‘जिणं आमचं’वर एक प्रश्न काढला: ‘खोडा कोणाकोणाच्या हातून जातो, ते पुस्तकाच्या आधारे लिहा.’ पंधरा गुण. आधी सराव म्हणून वर्गात लिहायला दिला. मुलांनी सुतार लिहिला, सासू लिहिली, नवरा लिहिला. काहींनी मुलीला माहेरून परत आणून सोडणारा बाप आणि भाऊ लिहिले. एकीने बरीच खाडाखोड करून ‘गावचे पाटील’ लिहिले आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकले. तिच्याशी मी अर्धा तास बोललो. प्रश्नपत्रिका पाहणाऱ्या समितीने तो प्रश्न ‘विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा’ असा शेरा मारून परत पाठवला. त्याच्या जागी आला तो असा: ‘“जिणं आमचं”मधून मानवी जिद्दीचे दर्शन घडते. साधार चर्चा करा.’ गुण तेच, पंधरा. बहुतेकांना बारा-तेरा मिळाले.